बारा आणि वर एक

भाषा परक्या वस्तूंची नावे सहज उचलते. टेबल घरात आले की त्याच्या पाठोपाठ त्याचे नावही उंबरठा ओलांडते. तिकीट, स्टेशन, पेन, कंदील यांचेही तसेच झाले. परंतु संख्यावाचक शब्द उसना घेण्याची पाळी भाषेवर क्वचित येते, कारण मोजणे ही माणसाची फार जुनी विद्या आहे. मराठीला तर अशी गरज मुळीच भासू नये. एकापासून शंभरापर्यंत प्रत्येक संख्येला आपल्याकडे स्वतंत्र नाव आहे. शिवाय पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असा अपूर्णांकांचा ऐवजही पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. अशा भरल्या घरात 'डझन' हा इंग्रजी शब्द शिरला, स्थिरावला आणि घरचाच झाला. शाळेचे तोंड न पाहिलेली आजीसुद्धा आज केळीवाल्याला "डझनाला काय घेतोस?" असेच विचारते. 'बारा' हा शब्द हाताशी असताना तिला 'डझन' कशाला हवा होता? प्रश्न लहान आहे. पण त्याचा माग काढू लागलो, तेव्हा तो मला बाजारातून निघून बराच दूर घेऊन गेला.

माझ्या सेवेचा प्रदेश शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत पसरलेला आहे. शिरूर घोड नदीच्या काठी वसलेले, म्हणून जुनी माणसे त्याला अजूनही घोडनदीच म्हणतात. दौंड भीमेच्या काठी. घोड पुढे भीमेलाच मिळते, तशी या दोन गावांची माणसेही बाजारहाट, सोयरीक आणि नोकरी या निमित्ताने एकमेकांत मिसळलेली आहेत. या मुलखात इंग्रजी भाषा दोन दारांनी आली. शिरूरला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची छावणी होती; १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेली पलटण शिरूरहूनच निघाली होती. दौंडला रेल्वेने इंग्रजी आणली. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग १८६० च्या सुमारास तयार झाला आणि १८७८ साली दौंड–मनमाड मार्ग सुरू होऊन दौंडचे जंक्शन झाले. छावणी काय आणि रेल्वे काय, दोन्ही ठिकाणी सारा कारभार मोजदादीचा असतो. शिधा मोजायचा, कंदील मोजायचे, रुळांचे खिळे मोजायचे. मोजणाऱ्यांची भाषा माल पुरवणाऱ्यांच्या कानी पडते आणि तेथून ती बाजारात उतरते.

आजही बाजारात फिरताना 'डझन' पावलोपावली भेटतो. केळी डझनावर, अंडी डझनावर. कासाराकडे काचेच्या बांगड्या डझनावर; दोन्ही हातांत सहा-सहा भरल्या की डझन पुरा. जून महिना लागला की दुकानांत वह्यांचे गठ्ठे डझनावारी सुटतात. हापूसच्या पेटीची तर बोलीच वेगळी. पेटी चार डझनी, पाच डझनी की सहा डझनी, एवढे सांगितले की जाणकार पेटी न उघडताच फळाचा आकार ओळखतो. कारण पेटी तेवढीच, तेव्हा डझन वाढले की फळ लहान. दौंडच्या फलाटावर मात्र याच शब्दाचे दुसरे रूप ऐकू येते. उत्तरेकडून येणाऱ्या गाड्यांतील प्रवासी 'दर्जन' म्हणतात, आपला विक्रेता 'डझन' म्हणतो, आणि दोघांचाही हिशेब बाराच केळ्यांचा असल्यामुळे व्यवहार कुठेही अडत नाही.

या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास लॅटिनपर्यंत जावे लागते. आमचे शिक्षण पुण्याच्या नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरीत झाले. ही संस्था १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पुण्यास आली. आमच्या काळी तेथे लॅटिनचे जुने वैभव उरले नव्हते. तरी भाषेची थोडी ओळख प्रत्येकाला होत असे. लॅटिनमध्ये बाराला 'दुओदेचिम' म्हणतात. 'दुओ' म्हणजे दोन आणि 'देचेम' म्हणजे दहा. फ्रेंच भाषेने हा शब्द झिजवून 'दूझ' असा केला आणि बारा नगांच्या गटाला 'दूझेन' हे नाव दिले. इंग्रजांनी तेराव्या-चौदाव्या शतकाच्या संधिकाळात तो गटवाचक शब्द उचलून 'डझन' केला. पोर्तुगीजांचा 'दूझिया' आणि जर्मनांचा 'डुत्सेंट' ही याच घराण्यातील भावंडे होत.

आता आपल्या 'बारा'कडे वळावे. संस्कृतात 'द्वादश', म्हणजे द्वि अधिक दश. प्राकृतातून घासून-पुसून त्याचा 'बारा' झाला. लॅटिनमधील 'दुओ' व आपला 'द्वि', तसेच 'देचेम' व आपला 'दश' हे एकाच प्राचीन भाषाकुलातून आलेले असल्याचे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. तात्पर्य, 'डझन' आणि 'बारा' हे चुलत भाऊ आहेत. शतकानुशतके वेगळ्या मुलखांत राहिले, वेगळी वस्त्रे ल्याले आणि शेवटी घोडनदीच्या बाजारात एकमेकांसमोर येऊन उभे राहिले. गंमत अशी की इंग्रजांचा स्वतःचा 'ट्वेल्व्ह' या घराण्यातला असूनही त्याची घडण निराळी आहे. त्याचा मूळ अर्थ 'दोन उरले' असा होतो. दहा बोटे मोजून संपली आणि दोन वस्तू शिल्लक राहिल्या, तर त्यांना काय म्हणावे? 'दोन उरले'. मोजणाऱ्या आदिमानवाचा चेहराच या शब्दात दिसतो.

मग 'बारा' असताना 'डझन' का? याचे एक कारण मला असे दिसते की 'बारा' ही नुसती संख्या आहे, तर 'डझन' हा गट आहे. गट दाखवणारे शब्द मराठीत पूर्वीपासून होते. दोन नगांची जोडी, वीस नगांची कोडी, शंभरांचा शेकडा. परंतु जोडी आणि कोडी यांच्या मधली जागा मोकळी होती. घरच्या बेताची, एका पिशवीत मावणारी, चार-पाच माणसांच्या कुटुंबाला पुरणारी अशी मोट बांधायला सोयीचा शब्द बाजाराला हवा होता. तो 'डझन'ने पुरवला. दुसरे असे की आपल्या 'बारा'च्या डोक्यावर वाक्प्रचारांचा भार फार. बारा गावचे पाणी प्यालेला माणूस, बारा भानगडी, कामाचे वाजलेले बारा, बाराच्या भावात गेलेला माल. जन्मानंतर बाराव्या दिवशी बारसे आणि मृत्यूनंतर बाराव्या दिवशी बारावे. गावगाड्यातले बारा बलुतेदार, सह्याद्रीच्या कुशीतली बारा मावळे, नारायणराव पेशव्यांच्या वधानंतर झालेले बारभाईंचे कारस्थान. एवढे सारे वाहून आलेल्या शब्दापेक्षा केवळ बारा नग असे सांगणारा कोरा शब्द व्यापाराला सोपा पडला असावा.

परका शब्द आला हे एक झाले. तो रुजला कसा, हे त्याहून मनोरंजक आहे. मराठी माणूस हिशेबात पाव, अर्धा, पाऊण यांखेरीज बोलत नाही, आणि बारा ही संख्या या साऱ्यांना वश आहे. पाव डझन म्हणजे तीन, अर्धा डझन सहा, पाऊण डझन नऊ, सव्वा डझन पंधरा, दीड डझन अठरा. कुठेही वस्तू चिरावी लागत नाही. हेच दहाच्या गटाचे करून पाहावे. दहाचा पाव अडीच. अडीच अंडी कोण विकणार आणि कोण घेणार? आज अंड्यांचा जो तीसचा ट्रे सर्वत्र दिसतो तो दहाच्या भाषेत तीन दशके आहे खरा, पण आमच्याकडच्या बाया त्याला 'अडीच डझनाचा' असेच म्हणतात. इंग्रजी शब्दाला मराठी अपूर्णांकांची कुंची घातली गेली आणि तो आमच्यात बसला.

जुन्या नाण्यांचाही त्याला आधार होता. रुपयाचे सोळा आणे आणि एका आण्याच्या बारा पै. त्यामुळे डझनाला जितके आणे, नगाला तितक्या पै, असा सोपा नियम होता. लिंबे तीन आणे डझन असली तर एक लिंबू तीन पैंना. कागद-पेन्सिल न घेता हा हिशेब तोंडी होई. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने लागू होऊ लागली आणि पुढील काही वर्षांत शेर, पायली, मण, खंडी यांना कायद्याने निरोप मिळाला. आमच्याकडे अनेक ठिकाणी बारा पायल्यांचा मण होता, तोही गेला. एवढ्या उलथापालथीत डझन मात्र टिकला. कारण डझनासाठी ना वजन लागते, ना माप, ना काटा. त्यावर शिक्का मारायला कोणी निरीक्षक यावा लागत नाही. बाराचा आणखी एक अंश असाच टिकून आहे, तो म्हणजे फूट. कायदा मीटरचा असला तरी गवंडी आणि सुतार अजून बारा इंचांच्या फुटानेच खोली आखतात.

बाराच का, असाही प्रश्न कोणी विचारील. आकाशाकडे पाहिले तर वर्षात चंद्राच्या बारा फेऱ्या होतात. हाताकडे पाहिले तर अंगठा सोडून चार बोटे आणि प्रत्येक बोटाला तीन पेरे, म्हणजे बारा पेरे. अंगठ्याने एकेक पेर शिवत गेले की एका हातावर डझन मोजून होतो. आणि वाटणीकडे पाहिले तर बारा ही फार न्यायी संख्या आहे. दोघांत, तिघांत, चौघांत, सहा जणांत ती काही शिल्लक न ठेवता वाटता येते. दरवर्षी जून महिन्यात आमच्या धर्मग्रामात गरजू मुलांना वह्या दिल्या जातात, तेव्हा हा न्याय प्रत्यक्ष पाहायला मिळतो. एका घरात दोन मुले असोत, तीन असोत वा चार असोत, एक डझन दिला की भावंडांत भांडण होत नाही. पाच मुले असलेल्या घरी मात्र दोन वह्या उरतात आणि त्यांचे काय करायचे ते त्या माउलीच्या शहाणपणावर सोपवावे लागते.

परंतु डझनाचा मोठा गुण मला कोणत्याही पुस्तकाने शिकवला नाही. तो भीमाकाठच्या एका वृद्ध विधवेने सांगितला. तिच्याकडे दहा-पंधरा गावरान कोंबड्या होत्या आणि अंडी विकून ती मीठ-मिरचीचा खर्च भागवीत असे. अक्षरओळख नव्हती; हिशेब सारा बोटांच्या पेरांवर. पुढे तिची अंडी एक व्यापारी घरी येऊन नेऊ लागला. तो भाव शेकड्याचा सांगे, माल ट्रेने मोजून घेई आणि पैसे आठवड्याने देई. घाऊक बाजारात अंड्यांचा भाव शेकड्यावरच निघतो. १९८२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती जे दर जाहीर करते, तेही शंभर अंड्यांचेच असतात. त्यात गैर काही नाही. समजा, शेकडा सहाशे रुपये असला तर नगाला सहा, डझनाला बहात्तर आणि तीसच्या ट्रेला एकशे ऐंशी रुपये होतात. पण शंभराला बाराने भाग जात नाही, आणि भाव जरा अडनिडा निघाला की पेरांवर मोजणाऱ्या म्हातारीचा हिशेब तेथेच खुंटतो. आपल्याला किती मिळायला हवे होते हे तिला कधीच कळेना. काही महिन्यांनी तिने त्या व्यापाऱ्याला अंडी देणे बंद केले आणि टोपली घेऊन ती पुन्हा बाजारात बसू लागली. एवढ्या उन्हात हे कष्ट कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "फादर, डझन डोळ्यानं दिसतोय. शेकडा काय दिसत न्हाय; त्यो त्यांच्या वहीत असतोय."

हे उत्तर मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. डझन डोळ्यांना दिसतो! सहा-सहाच्या दोन ओळी मांडा किंवा चार-चारच्या तीन; पूर्ण आहे की नाही, फुटके कोणते आणि लहान कोणते, हे एका दृष्टिक्षेपात कळते. घेणारा आणि देणारा, शिकलेला आणि न शिकलेला, दोघेही तेथे समान पातळीवर उभे असतात. काट्याचे तसे नसते. काटा विकणाऱ्याचा, त्यावरचे आकडे त्याच्या ओळखीचे, वजने त्याच्या पिशवीतली. पिशवीत दोन तऱ्हेची वजने बाळगण्यास अनुवादाच्या पुस्तकात मोशेच्या नियमशास्त्राने केलेली मनाई प्रसिद्धच आहे. म्हणजे ही दुखणी आजची नव्हेत. डझनात दोन तऱ्हा संभवत नाहीत. त्यातला प्रत्येक नग आपापले तोंड दाखवून बसलेला असतो. गट होऊनही ज्यात एकेक वेगळा दिसत राहतो, असा बहुधा हा शेवटचा गट. त्यापुढे कोडी आली, ग्रोस आला, शेकडा आला, की एकेकाचे तोंड दिसेनासे होते आणि राहतो तो आकडा.

बोलण्यात मात्र आपण या नेमक्या शब्दालाही सैल केले आहे. "डझनभर वेळा सांगितले", "डझनभर पुढारी व्यासपीठावर होते", असे म्हणताना कोणी मोजलेले नसते. 'भर' हा प्रत्यय लागला की काटेकोर डझन अघळपघळ होतो. वस्तूंच्या बाबतीत ते चालून जाते. माणसांच्या बाबतीत मात्र तेथे जपून राहावे असे मला वाटते.

बारा पूर्ण झाले की पुढे काय, याचाही माणसाने फार पूर्वीपासून विचार केलेला आहे. इंग्लंडात पाव-रोटीच्या वजनाचा कायदा १२६६ च्या सुमारास झाला आणि कमी वजनाची रोटी विकणाऱ्यास कडक शिक्षा ठरली. त्या भीतीने भटारी डझनावर एक रोटी जास्त देऊ लागले, असे सांगतात; म्हणून इंग्रजीत तेराच्या संख्येला 'भटाऱ्याचा डझन' हे नाव पडले. आमच्याकडचा केळीवालाही डझन मोजून झाल्यावर "घ्या, वर एक" म्हणून पिशवीत एक केळे टाकतो. त्याच्यामागे कायद्याचा धाक नसतो. गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात परत यावे आणि डझनात एखादे डागाळलेले निघाले तर त्याची भरपाई आधीच व्हावी, एवढीच इच्छा असते.

हेच 'वर एक' कालगणनेत आले की त्याचा चेहरा बदलतो. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे भरते, सौर वर्षाहून अकरा दिवसांनी तोकडे. ती तूट भरून काढण्यासाठी साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास धरतात आणि ते वर्ष तेरा महिन्यांचे होते. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण शिरूर-दौंडच्या जिरायती पट्ट्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. १९७२ साली तर ती अक्षरशः खरी ठरली. त्या वर्षी अधिक वैशाख आला आणि पुढे पावसाने पाठ फिरवली. खडी फोडून आणि सुकडी-मिलो खाऊन ज्यांनी ते वर्ष काढले, त्यांना एक महिना वाढणे म्हणजे काय हे ठाऊक आहे. तरीही लोकरीतीने याच अधिक मासाला दानाचा महिना केले. त्यात जावयाला तीस-तीन अनारशांचे वाण देण्याची प्रथा हिंदू घरांत आहे. हिशेबाबाहेर उरलेल्या महिन्याचे ओझे माणसाने देण्याघेण्यात उतरवले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आम्हां ख्रिस्ती लोकांना बारा म्हटले की प्रेषित आठवतात. इस्राएलच्या बारा वंशांची खूण म्हणून प्रभू येशूने बारा जणांना निवडले. शुभवर्तमानांत त्यांची नुसती संख्या देऊन काम भागवलेले नाही. एकेकाचे नाव नोंदवले आहे, कोणाचे बापाचे नाव, कोणाचा धंदा, कोणाचे टोपणनाव. यहुदा गेल्यावर उरले अकरा, आणि ती तूट मंडळीला इतकी जाणवली की प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात ती भरून काढलेली दिसते. दोन नावे पुढे आली. चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली आणि बारा पुरे झाले. दुसरा होता बर्सबा म्हटलेला योसेफ. तो त्या दिवशी तेरावा राहिला. पुढे त्याचे काय झाले ते त्या पुस्तकात आलेले नाही. पण त्याचे नाव मात्र लेखकाने गाळले नाही. आणि ज्याने ख्रिस्ताचे नाव भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पोहोचवले, तो संत पौल तर या बारांत कधीच नव्हता. डझन पुरा झाला म्हणून बाहेर उभा असलेला माणूस बिनमहत्त्वाचा ठरत नाही, हे मंडळीला फार लवकर शिकावे लागले.

पण आजही माणसे मोजण्याची आपली रीत कशी आहे, ते हिवाळ्यात शिरूर–न्हावरा–चौफुला रस्त्याने जाताना दिसते. दिवाळीच्या आगेमागे बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या या भागात उतरतात. उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. मुकादमाच्या वहीत तेथे माणूस लिहिला जात नाही. लिहिला जातो 'कोयता'. एक कोयता म्हणजे एक जोडपे, नवरा ऊस तोडणारा आणि बायको मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी. उचल दिली जाते ती कोयत्याला. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. ज्या मराठीने अर्ध्या-पाऊणच्या शब्दांनी बाजाराचा हिशेब इतका नेटका केला, तीच मराठी येथे धडधाकट माणसाला अर्धा म्हणते, आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. हत्याराचे नाव माणसाला मिळाले की हत्यार धरणारे हात दिसेनासे होतात. त्या म्हातारीच्या शब्दांत सांगायचे तर ते हातही वहीत जातात.

दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात आमच्या युवक मंडळातील काही जण माझ्याबरोबर अशा एका फडावर आले होते. मुलांना वह्या आणि गरम कपडे द्यावेत, एवढाच बेत होता. किती माणसे आहेत, असे मुकादमाला विचारले. त्याने वही न उघडताच सांगितले, "सहा कोयते." सहा कोयते म्हणजे बारा माणसे, नेमका एक डझन. हिशेब पुरा होता. परंतु कोप्यांच्या पुढे धुळीत खेळणारी मुले त्यात कुठेच नव्हती. ती कोणत्याही कोयत्यात मोडत नव्हती. ती 'वर' होती. आम्ही आणलेल्या डझनातली एक वही काढली आणि तिच्या पहिल्या पानावर एकेक मुलाला जवळ बोलावून त्याचे नाव, वय आणि गावाकडच्या शाळेतली इयत्ता लिहून घेतली. नऊ नावे झाली. त्यांतल्या थोरल्या मुलीने आपल्या धाकट्या भावाचे नाव दोनदा वाचून घेतले, बरोबर लिहिले आहे की नाही याची खात्री करण्यासाठी.

निघताना एका कोपीतून तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू आले. चार दिवसांपूर्वी तेथेच बाळंतपण झाले होते. त्याचेही नाव घ्या, असे आम्ही म्हणालो. तेव्हा त्याची आजी हसून म्हणाली की बारसे व्हायचे आहे, त्याआधी नाव कोठले? म्हणून त्या पानावर दहाचा आकडा घातला आणि पुढची जागा कोरी ठेवली. बाळाचा बारावा दिवस उजाडला, त्या सायंकाळी मंडळातली दोन मुले ती वही घेऊन पुन्हा फडावर गेली.